बेससाठी पैसे आधी कुठे घालावेत?

ऑर्केस्ट्रात किंवा बँडमध्ये नव्यानं बेस गिटार वाजवायला लागलेल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ॲम्प कुठला घेऊ?" माझं उत्तर त्यांना फारसं आवडत नाही, तरी मी तेच देतो. ॲम्प आत्ता घेऊ नका. त्या पैशांतला थोडा भाग एका चांगल्या डीआय बॉक्सला (गिटार मिक्सरला जोडणारा छोटा डबा), दोन मजबूत केबलना आणि आहे त्या गिटारच्या सेटअपला, म्हणजे नेक आणि तारा नीट लावून घ्यायला, द्या. बाकीचे पैसे राहू देत, वर्षभरानं ठरवू.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातले आपले प्रोग्रॅम कसे असतात ते आठवा. गणेशोत्सवाचा मंडप, गावची यात्रा, मंगल कार्यालयातलं रिसेप्शन, कॉलेजचं गॅदरिंग, कॅम्पातल्या चर्चचं फेस्त. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलात तरी तेच. सगळीकडे साऊंडवाल्याचा मोठा सेट लागलेला असतो, आणि लोकांना ऐकू येणारा बेस त्याच सेटमधून येतो. तुमचा ॲम्प स्टेजवर तुमच्यापुरता आणि ड्रमरपुरता वाजतो. म्हणजे खरा प्रश्न आहे तारेपासून साऊंडवाल्याच्या मिक्सरपर्यंत तुमचा सूर धडधाकट पोहोचतो का, हा.

बेसच्या बाबतीतच हे एवढं का, त्यामागे साधं विज्ञान आहे. चार तारांच्या बेसची सगळ्यांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला 41 वेळा कंप पावते, म्हणजे 41 हर्ट्झ. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर. भागाकार केला तर या सुराची एक लाट सव्वाआठ मीटर लांब निघते. एवढी लांब लाट जोरात हलवायची तर खूप हवा ढकलावी लागते, त्यासाठी मोठे स्पीकर आणि भरपूर वॅट लागतात. त्यात आपला कान खालच्या सुरांना मुळात मंद आहे. गाणाऱ्याच्या आवाजाइतका बेस मोठा वाटायला त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो. आणि वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. म्हणून 100 वॅटचा ॲम्प विकून 200 चा घेतला की निराशा होते.

छोट्या स्पीकरमधूनही बेस ओळखू येतो, तो कसा? एक तार छेडली की एकच सूर निघत नाही. 41 च्या जोडीला 82, 124, 165 असे वरचे सूर निघतात. स्पीकरला 41 झेपलं नाही तरी वरचे सूर ऐकून मेंदू खालचा मूळ सूर स्वतःच भरून काढतो. मोबाईलवर गाणं ऐकताना बेसची चाल कळते ती यामुळेच. स्टेजवरच्या लहान ॲम्पकडून एवढीच अपेक्षा ठेवा. तुम्हाला सूर कळला पाहिजे, छातीत धडधड व्हायची गरज नाही. ती धडधड समोरच्या सबवूफरकडे सोपवा.

आता डीआय बॉक्स. मुठीत मावेल एवढा डबा, पण काम मोठं. गिटारच्या पिकअपमधून, म्हणजे तारांखालच्या चुंबकी पट्टीतून, येणारा सिग्नल नाजूक असतो. साध्या जॅक केबलनं तो पाचसहा मीटर नीट जातो, त्यापुढे वरचा सूर मरत जातो आणि वाटेतली खरखर चिकटत जाते. मिक्सर तर मंडपाच्या दुसऱ्या टोकाला, वीसतीस मीटरवर असतो. शिवाय मिक्सरच्या लाईन इनपुटला बिनबॅटरीची गिटार थेट जोडली तर तो इनपुट पिकअपवर ओझं टाकतो आणि आवाज घोंगडी पांघरल्यासारखा दबतो. डीआय या दोन्हींवर उपाय करतो. गिटारवर ओझं पडू देत नाही, आणि सिग्नल दोन तारांतून एकमेकांच्या उलट असा पुढे पाठवतो. वाटेत जी खरखर शिरते ती दोन्ही तारांत सारखीच शिरते. मिक्सर दोहोंतला फरक घेतो, त्यामुळे खरखर वजा होते आणि सूर तेवढा उरतो.

डीआय दोन प्रकारचे मिळतात. ॲक्टिव्ह डीआयला वीज लागते, बॅटरीची किंवा मिक्सरकडून येणाऱ्या 48 व्होल्टच्या फँटम पॉवरची. पॅसिव्हला काहीच लागत नाही, आत फक्त ट्रान्सफॉर्मर असतो. तुमच्या गिटारमध्ये बॅटरी नसेल तर ॲक्टिव्ह डीआय घ्या, बॅटरी असेल तर पॅसिव्ह चालतो. मला विचाराल तर दोन्हींवर चालणारा, म्हणजे फँटम आणि 9 व्होल्टची बॅटरी दोन्ही घेणारा ॲक्टिव्ह डीआय आपल्या भागासाठी सोयीचा. प्रत्येक साऊंडवाल्याच्या मिक्सरवर फँटम चालूच असेल याची खात्री नसते. साऊंडवाल्याकडे डीआय असतो, हेही खरं. पण तो कीबोर्डला लागलेला असतो. स्वतःचा असलेला बरा.

मंडपातली घूं

कार्यक्रम सुरू होण्याआधी स्पीकरमधून येणारी ती सततची घूं सगळ्यांनी ऐकली आहे. बेसवाल्यासाठी तिचं दुखणं इतरांपेक्षा मोठं आहे, आणि याबद्दल फार थोडे लोक बोलतात. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा सूर, म्हणजे पेटीवरची पांढरी पाच, 49 हर्ट्झचा. सर्वांत बारीक मोकळी तार 98 ची, आणि घूंचा वरचा सूर 100 चा. थोडक्यात, घूं ही किंचित चढलेली पांढरी पाचच असते. साऊंडवाल्यानं घूं मारायला इक्वलायझरवर 50 आणि 100 खाली ओढले की तुमचा तो सूर त्याच्याबरोबर गेला. गाणं पांढरी पाचमध्ये असेल तर षड्जच गेला. म्हणून घूं उगमाशीच थांबवली पाहिजे.

बहुतेक वेळा कारण एकच असतं. तुमच्या ॲम्पला वीज एका ठिकाणाहून, मिक्सरला दुसऱ्या ठिकाणाहून. दोघांचं अर्थिंग वेगळं, आणि त्या दोन अर्थिंगमधला फरक ऑडिओ केबलमधून वाहू लागतो. पहिला उपाय म्हणजे स्टेजची आणि मिक्सरची वीज एकाच बोर्डातून घ्यायला लावणं. ते जमत नसेल तर डीआयवर ग्राउंड लिफ्ट नावाचं छोटं बटण असतं, ते दाबा. त्यानं ऑडिओ केबलमधलं अर्थिंग तेवढं तुटतं, विजेच्या अर्थिंगला धक्का लागत नाही. म्हणून ते सुरक्षित आहे.

आणि इथे मी हात जोडून सांगतो. घूं घालवायला प्लगची जाड पिन, अर्थची पिन, कधीही काढू नका. काढली की घूं जाते हे खरं आहे. पण त्यानंतर ॲम्पच्या आत कुठे एखादी वायर सुटली तर पत्र्याचा पूर्ण डबा 230 व्होल्टवर येतो. डब्याला जोडलेली केबलची जाळी, जाळीला जोडलेला गिटारचा ब्रिज, ब्रिजला जोडलेल्या तारा आणि तारांवर तुमची बोटं. ओठ माइकला लागले की वर्तुळ पूर्ण. भाद्रपदात मंडपाची जमीन ओली असते, पाय ओले असतात. भारी साहित्याशी याचा काही संबंध नाही, स्वस्त गिटारवरही हेच होतं.

मंडपात जनरेटर असेल तर डेकोरेटरच्या वायरमनला दोन गोष्टी विचारा. जनरेटरला अर्थिंगचा गज जमिनीत ठोकला आहे का, आणि न्यूट्रल त्या अर्थला जोडला आहे का. त्याच्याकडे मीटर असेल तर लाईव्ह आणि न्यूट्रलमध्ये 230 च्या आसपास, लाईव्ह आणि अर्थमध्येही तितकंच आणि न्यूट्रल-अर्थमध्ये अगदी थोडं दिसायला हवं. हे काम त्यालाच करू द्या, तुम्ही सॉकेटमध्ये हात घालू नका. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लगेच तोडणारा खटका, बसवलेला एक्स्टेन्शन बोर्ड स्वतःजवळ ठेवणं ही माझ्या मते ॲम्पपेक्षा आधीची खरेदी आहे. फक्त एक लक्षात ठेवा, न्यूट्रल अर्थला जोडलेला नसेल तर तिच्यावर विसंबता येत नाही. गाणाऱ्याला माइकचा बारीक झटका बसला तर तो हसण्यावारी नेऊ नका. सगळं बंद करून कारण शोधा, मग वाजवा.

परदेशातून कुणी आणलेला ॲम्प विकत घेत असाल तर मागचं व्होल्टेजचं लेबल वाचा. अमेरिकन माल 120 व्होल्टचा असतो. काहींना मागे 120 आणि 230 चा खटका असतो, काहींना नसतो. नसेल तर ट्रान्सफॉर्मर बाळगावा लागेल, आणि त्याचं वजन धरून किंमत ठरवा.

चार तारा की पाच

इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले रॉक बँडसाठी असतात. तिथे गाणी मोकळ्या तारांच्या सुरांत बसवलेली, त्यामुळे चार तारा पुरतात. आपल्याकडे गाणाऱ्याची पट्टी आधी ठरते आणि वाद्यं तिच्या मागे जातात. पुरुष गायक बऱ्याचदा काळी एकच्या आसपास, बायकांची पट्टी काळी चार, काळी पाच. ट्रान्सपोज करणाऱ्या कीबोर्डला याचा त्रास नाही, तुम्हाला आहे. काळी एकचा षड्ज चार तारांच्या बेसवर जाडीकडून दुसऱ्या तारेच्या चौथ्या फ्रेटला मिळतो, 69 हर्ट्झवर. तो चांगलाच सूर आहे. त्याच्याही खालचा, 35 हर्ट्झच्या जवळचा, हवा असेल तर पाचवी तार लागते. काळी दोनचंही तसंच, जाड मोकळी तार बरोबर अर्ध्या सुरानं वर राहते.

म्हणून पाच तारांचा बेस आपल्या ऑर्केस्ट्रात खरोखर कामाचा आहे. पण खालचे ते सूर साध्या सेटवर नीट वाजतही नाहीत. त्याचा मोठा फायदा मला वेगळा वाटतो. हात नेकच्या मधल्या भागात ठेवून कुठल्याही पट्टीत त्याच आकारानं वाजवता येतं. मोकळ्या तारांवर अवलंबून वाजवायची सवय लागली असेल तर ती मोडा. पट्टी ऐन वेळी बदलते, त्या वेळी वाचवतं ते हेच.

हार्मोनियम असेल तेव्हा सुराची आणखी एक गोष्ट. पंडित रामभाऊ विजापुरे यांच्या बेळगावात चांगली हार्मोनियम घरोघरी सापडते, पण ती 440 हर्ट्झ या नेहमीच्या संदर्भसुरालाच मिळवलेली असेल असं नाही. तिच्या स्वरपट्ट्या स्टेजवर बदलता येत नाहीत, तुमची तार बदलते. ज्यावर संदर्भसूर 440 वरून 442, 443 करता येतो असा क्लिपचा ट्यूनर घ्या. पेटीवाल्याकडून एक सूर धरून घ्या, ट्यूनर कुठे दाखवतो ते पाहा आणि त्यावर सगळ्या तारा लावा. कीबोर्डवाल्यालाही तोच आकडा सांगा.

पाऊस आणि लाकूड

एकाच जिल्ह्यात खानापूरचा ओला डोंगर आणि अथणीचं कोरडं रान. कारवारकडे गेलात तर खारी हवा. गिटारची नेक लाकडाची, ती हवेतलं पाणी पिते आणि सोडते, आणि त्याबरोबर वाकते. कुठल्या बाजूला, ते लाकडावर अवलंबून. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि दिवाळीनंतर, दोनदा तरी तपासा. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटला दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी, 0.3 मिलिमीटरच्या आसपास, असली तर ठीक. फट जास्त असेल तर नेकच्या आतला ट्रस रॉड उजवीकडे आवळायचा, फटच नसेल तर डावीकडे सैल करायचा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, मग तारा पुन्हा सुरात लावून पाहायचं. चावी बरोबर मापाचीच हवी. बोल्टच्या कडा गेल्या तर दुरुस्ती फार महागात जाते. सवय नसेल तर एकदा कुणा जाणकाराकडून शिकून घ्या.

स्वस्त गिटारचा सेटअप नीट केला तर ती महागड्या पण बिघडलेल्या गिटारपेक्षा बरी वाजते, हे मी पैजेवर सांगतो.

तारांचं म्हणाल तर घाम आणि दमट हवा हेच त्यांचे शत्रू. वाजवून झालं की सुक्या सुती फडक्यानं प्रत्येक तार पुसा, खालून पण. जुनी हिंदी-मराठी गाणीच जास्त वाजवत असाल तर सपाट गुंडाळणीच्या फ्लॅटवाउंड तारा घ्या. महाग असतात, पण वर्षानुवर्षं टिकतात, आणि त्यांचा गोल, दबका सूर त्या गाण्यांत छान मिसळतो. नवी गाणी, स्लॅप (तार आपटून वाजवणं) वगैरे असेल तर गोल गुंडाळणीच्या राउंडवाउंडच हव्यात.

ॲम्प, घ्यायचाच तर

वर्षभर प्रोग्रॅम केल्यावर ॲम्प हवाच वाटला, तर वजन आधी बघा. वडापच्या जीपच्या टपावर किंवा मोटरसायकलवर जे नेता येत नाही ते घरातच राहतं. क्लास डी पद्धतीचे ॲम्प हेड आता दोनतीन किलोत मिळतात आणि 300 ते 500 वॅट देतात. निओडिमियम चुंबकाचे कॅबिनेटही हलके येतात. मात्र आकडा वाचताना ओहम वाचा. 500 वॅट लिहिलेले बहुधा 4 ओहमवर असतात. एकच 8 ओहमचा कॅबिनेट लावला तर निम्म्याच्या आसपास मिळतात. दोन 8 ओहमचे समांतर जोडले की 4 ओहम होतात. ॲम्पवर लिहिलेल्या किमान ओहमच्या खाली जाऊ नका. आणि ॲम्प ते कॅबिनेट जोडायला स्पीकर केबलच वापरा, शक्यतो फिरवून लॉक होणारी स्पीकॉन. गिटारची जाळीवाली केबल तिथे लावली तर ती तापते आणि ॲम्पही जाऊ शकतो.

लाकडी फळ्यांच्या पोकळ स्टेजवर ॲम्प थेट ठेवला की अख्खं स्टेज घुमतं. सोड्याच्या क्रेटवर किंवा स्टँडवर चढवा आणि कानाकडे कलता करा. वरचे सूर स्पीकरमधून सरळ रेषेत जातात. ॲम्प जमिनीवर असला की ते तुमच्या गुडघ्यांना ऐकू येतात, तुम्ही आवाज वाढवत बसता आणि समोर चिखल होतो. मंगल कार्यालयात तर फरशी, काचा, पत्रा, सगळं कडक. तिथे बेसचं बटण वाढवायचा मोह होतो, उलट ते कमी करा. 100 ते 200 हर्ट्झमधला फुगीरपणा थोडा काढा आणि 400 ते 800 हर्ट्झचा मधला आवाज थोडा वाढवा. ढोलकीचा धुम आणि बेस खाली एकमेकांच्या अंगावर पडतात. वादक समजूतदार असेल तर ठरवून घ्या, तो घुमवेल तिथे तुम्ही सूर तोडायचा. कीबोर्डवाल्यालाही आधीच सांगा, बेस आहे तर डावा हात खाली नको. अनेकांना एकट्यानं वाजवायची सवय असते, हात आपोआप तिकडे जातो.

उघड्यावर लाउडस्पीकर रात्री 10 ते सकाळी 6 बंद ठेवायचा, असं 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. सरकार ठराविक दिवशी बारापर्यंत मुभा देऊ शकतं. भिंती खालच्या सुरांना फारसं अडवू शकत नाहीत, त्यामुळे शेजाऱ्यांची पहिली तक्रार बेसचीच येते. कानांचंही ऐका. 85 डेसिबल आठ तास सहन होतात, त्यापुढे प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला पाव तास. ड्रमरशेजारी उभे राहणाऱ्यांनी संगीतकारांसाठीचे इअरप्लग घ्यावेतच.

पिशवीत कायम असू द्यावं ते थोडक्यात सांगतो. दोन केबल, तारांचा एक जास्तीचा सेट, 9 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, टॉर्च, सुतळी आणि इन्सुलेशन टेप. बॅटरीची गिटार असेल तर वाजवून झाल्यावर जॅक काढून ठेवा. जॅक लागलेला असेपर्यंत बॅटरी जळत राहते.

साउंडचेकला वेळ कमीच मिळतो, म्हणून क्रम ठरवून घ्या. आधी मिक्सरवर तुमच्या चॅनेलचं लो-कट, म्हणजे खालचे सूर कापणारं, बटण दाबलेलं नाही ना ते बघून घ्या. पुष्कळ मिक्सरवर ते 75 ते 100 हर्ट्झला असतं, माइकसाठी उत्तम. पण बेसवर ते दाबलेलं राहिलं तर तुमच्या चारपैकी निदान तीन मोकळ्या तारांचा मूळ सूर त्याच्या खाली येतो. मग जाड मोकळी तार, तिसऱ्या फ्रेटची पांढरी पाच आणि पहिल्या गाण्याचा षड्ज, तिन्ही सूर सावकाश वाजवा. एखादा सूर बाकीच्यांपेक्षा फुगला किंवा बुडाला तर तेव्हाच सांगा. साऊंडवाला चिकोडी-गोकाककडचा असेल तर "बेस स्वल्प कम्मी माड्री" (बेस जरा कमी करा) एवढं कन्नड पुरतं, तोही मनापासून ऐकतो. आणि कार्यक्रम संपल्यावर त्याला हात करून तुमचं चॅनेल म्यूट करायला सांगा, त्यानं मान हलवली की मगच जॅक काढा.